बंद फाटकाचा दिवस

बारोबी हॉल या जुन्या हवेलीच्या बागेतून चर्चकडे जाणारी वाट आमची आहे. गिरणीवस्तीतल्या बायका ती तुडवत होत्या तेव्हा आत्ताच्या मालकाचा आजासुद्धा जन्मला नव्हता. तरी हा माणूस दर फेब्रुवारीत एक दिवस दोन्ही फाटकांना कुलूप घालतो. त्या दिवशी कुणीच गेलं नाही, तर कायद्याने वाट म्हणजे त्याची मेहेरबानी ठरते आणि पुढे ती कायमची बंद करायला तो मोकळा. म्हणून त्या दिवशी कुणीतरी भिंत चढून आरपार जायचंच.

दरवर्षी आमच्या वस्तीतली एनिड थॅकरे जायची. काठी टेकत, डावा पाय ओढत. गेल्या ऑक्टोबरात ती त्याच वाटेवर, वाकड्या चेस्टनटच्या झाडाखाली पडून मेली. मालकाने फुलं पाठवली. निर्लज्ज.

यंदा मी चढले. आत क्लाइव्ह, हॉलचा पहारेकरी, कुत्रा धरून उभा.

"मेव्हिस मावशी, मागे फिरा. हाड मोडेल."

"मोडलं तर तुझ्या मालकाच्या अंगणात मोडेल. तुझ्या बाप्तिस्म्याला तुझी आई याच वाटेने गेली होती रे."

"आईला मध्ये आणू नका. नोकरी जाईल माझी."

"मग घटकाभर डोळे मीट."

"मी मिटेन हो. हा कुत्रा मिटत नाही ना!"

मी उडी मारली. कुत्रा भुंकलाच नाही. पोट जमिनीला लावून तो कण्हायला लागला.

गवतावर पांढरं दहिवर गोठलं होतं. त्यात काठीचं एक भोक पडलं. शेजारी पाऊल उमटलं. मग एक ओढलेली रेघ. पुन्हा भोक, पाऊल, रेघ. माणूस मात्र कुणी नाही.

"अडव की," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "हिला अडव."

क्लाइव्हने टोपी काढली.

खुणा चेस्टनटपर्यंत गेल्या आणि थांबल्या. आम्ही वाट बघत राहिलो. पुढचं दहिवर कोरं होतं.

"इथेच पडली होती," क्लाइव्ह पुटपुटला. "मीच उचललं तिला. हलकी होती हो अगदी."

अर्ध्यावर थांबलेल्या चालण्याने मालक हरत नाही. मी शेवटच्या खुणेवर पाऊल ठेवलं. तिथली जमीन कोमट होती. मी पुढे निघाले आणि माझ्या शेजारी काठी टेकल्याचा आवाज सुरू झाला. थोड्या अंतरावर माझा डावा पाय ओढू लागला. मी बाजूला पाहिलं नाही. पलीकडच्या फाटकावरून रस्त्यावर उतरले तेव्हाच आवाज थांबला.

संध्याकाळी मालकाने क्लाइव्हला विचारलं, कुणी गेलं का? क्लाइव्ह म्हणतो, त्याने 'नाही' म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "दोघी गेल्या."

नोकरी गेली त्याची. वाट उघडी आहे.

माझा पाय अजून ओढतो. डॉक्टरला त्यात काही सापडत नाही. काठी मी विकत आणलेली नाही; ती एका सकाळी माझ्या दाराला टेकवलेली होती. येऊ दे फेब्रुवारी.