दामल्यांचं विमान पूर्ण होतं

उपेंद्र दामल्यांचं विमान पहिल्यांदा पूर्ण झालं ते २००५च्या गणपतीत. मग ते दिवाळीत पूर्ण झालं. संक्रांतीला पुन्हा एकदा झालं, आणि तेव्हा तर त्याने साताऱ्याला फोन करून आईला तसं कळवलंसुद्धा. आई म्हणाली, "बरं झालं बाबा, आता तरी रविवारचा घरी जेवत जा." पाडव्याला त्याने परत फोन केला, तर विमानाचं नाव ऐकताच तिने गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला.

आता हे विमान म्हणजे काही खेळणं नव्हे. दोन माणसं बसतील असं खरंखुरं विमान, परदेशातून मागवलेल्या नकाशांवरून आपल्या हाताने बांधायचं. फोम कापून पंखाचा आकार करायचा, त्यावर ग्लास फायबरचं कापड अंथरायचं, कापडात रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारं चिकट द्रव्य, मुरवायचं, आणि ते वाळलं की झाला पंख. पुस्तकात हे सगळं चार ओळींत उरकलेलं होतं. लिहिणाऱ्याने चेन्नईचा मे महिना पाहिलेला नव्हता, एवढीच काय ती अडचण.

उपेंद्र चेन्नईत अंबत्तूरला, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होता. माल पाठवणाऱ्यांचा त्याने छळ मांडलेला. एका तुकड्यात केसाएवढी खोट दिसली तरी सगळ्याच्या सगळा लॉट परत. "टेस्ट केल्याशिवाय मी माझ्या बापावरही विश्वास ठेवत नाही," हे वाक्य तो मीटिंगमध्ये इतक्यांदा टाकायचा, की त्याच्या तमिळ हाताखालच्यांना तेवढं मराठी पाठ झालं होतं.

रविवारी मात्र हाच माणूस लोकल पकडून गुम्मिडिपूंडीला जायचा. तिथे पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका भल्या गृहस्थाने शेडचा मागचा भाग त्याला वापरायला दिला होता. तिथल्या उकाड्यात रेझिन कालवलं, की ब्रश सापडेपर्यंत ते भांड्यातच आळायचं आणि वर धूर सोडायचं. अशी हेमलताची, म्हणजे त्याच्या बायकोची, तीन पातेली गेली. एकदा शर्टाची बाही पंखाला चिकटली, आणि साहेबांच्या लक्षात येईतो ती पंखाचाच भाग होऊन बसली. बाही कापून, एक दंड उघडा टाकून स्वारी पेरांबूरला घरी आली.

"माझ्या भावाने दिलेला शर्ट होता तो," हेमलता म्हणाली.

"गेला कुठे? विमानातच आहे," उपेंद्र म्हणाला. पुढे दोन दिवस त्या घरात फक्त टीव्ही बोलत होता.

एका गोष्टीचा मात्र त्याला भारी अभिमान. त्याचे पंख नकाशात लिहिलेल्या वजनापेक्षा हलके झाले होते. जादा रेझिन म्हणजे फुकटचं वजन, असं कुठेसं वाचून तो कापडावरून रबरी पट्टी फिरवून फिरवून रेझिन निपटून काढायचा. हा हलकेपणा त्याने ऑफिसात सांगितला, शेजारी सांगितला, आणि एकदा तर मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला हेमलताला न्यायला गेला असताना दारातल्या चार अनोळखी बायकांनाही सांगितला. त्या बिचाऱ्यांनी कौतुक केलं. वाण लुटायला आलेल्या बायका दुसरं काय करणार?

विमानाचं पहिलं उड्डाण प्रतापसिंह करणार होते. हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, हल्ली मुक्काम तांबरमला. उपेंद्रचा वैमानिकाचा परवाना अगदी नवाकोरा, त्यामुळे नवं विमान पहिल्यांदा त्याने उडवू नये हे सगळ्यांनाच मान्य होतं. प्रतापसिंहांची मराठी आजोबा-पणजोबांच्या काळातली, तिला तमिळ हेल, आणि बोलणं मोजकं. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सरी, बरे. सुंदर. आता पोते घालून पाहणे, उपेंद्रराव. मग उडणे."

पोती घालणं म्हणजे असं, की पंख सुटा करून, उडताना हवा त्याला खालून वर रेटते म्हणून उलटा धरून, लोखंडी घोडीला आवळायचा आणि त्यावर वाळूची पोती रचत जायचं. विमान वळतं तेव्हा पंखांवर त्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. तो भार आधी जमिनीवरच देऊन बघायचा. टिकला तर उडायचं, मोडला तर मोडला.

"हो हो, घालू की," उपेंद्र म्हणाला. "फक्त फिनिशिंग होऊ दे."

आणि तिथून विमान पूर्ण होण्याचा सिलसिला सुरू झाला. रंगाच्या आधी बारीक खड्डे बुजवायला जी पुट्टी भरतात, तिला आपले रंगारी लांबी म्हणतात. हे नाव का पडलं असेल ते उपेंद्रला गुम्मिडिपूंडीत नीट उमगलं. लांबी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, की सुईच्या टोकाएवढी दहा नवी भोकं वर यायची. मग पुन्हा लांबी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, लोकलमध्ये शेजारचा माणूस हळूच सरकून बसायचा. प्रतापसिंह फोनवर विचारायचे, "पोते कधी?" आणि हा सांगायचा, "साहेब, अजून थोडी भोकं आहेत."

खरी गोष्ट त्याला ठाऊक होती. भोकांनी विमान पडत नाही. त्याला पंखावर पोतं ठेवायची छाती होत नव्हती. पाच वर्षांचे रविवार त्या पंखात गेले होते. तो आपल्या डोळ्यांसमोर मोडला तर काय, हा विचार आला की तो पुन्हा लांबीचा डबा उघडायचा. इतरांचा माल हातोड्याने ठोकून बघणारा हा वाघ स्वतःच्या पंखाला नुसता पेपर घासत बसला होता.

त्यात हेमलताची साथ. ती अधूनमधून डबा घेऊन शेडमध्ये यायची, पंखावरून तळहात फिरवायची आणि म्हणायची, "इथे जरा खरखरीत लागतंय, नाही?" उपेंद्रला कोण आनंद व्हायचा. तो तिथे खडूने गोल करायचा आणि पुढच्या रविवारची सोय झाली म्हणून पोटभर जेवायचा. बायकोला किती बारकाई आहे, असं त्याला कौतुकही वाटायचं.

२००७च्या जानेवारीत प्रतापसिंह न कळवता शेडवर आले. हेमलता डबा उघडत होती. उपेंद्र खडूच्या गोलात लांबी भरत होता.

"मी पासष्टचा झालो," प्रतापसिंह खुर्चीवर बसत म्हणाले. "पुढल्या वर्षी डॉक्टर मजला उडू देतील की नाही, ठाऊक नाही. पोते घाला, नाहीतर दुसरा माणूस पाहा."

उपेंद्र कात्रीत सापडला. पोती नकोत आणि साहेबही जायला नकोत. त्याने छाती पुढे काढली.

"साहेब, पोती राहू द्या. पहिलं उड्डाण मीच करतो."

"पंख तुटला तर?"

"तुटला तर तुटला. माझं काय."

हे बोलताना आपण फार शूर दिसत असणार असं त्याला वाटलं होतं. हेमलताच्या हातातलं डब्याचं झाकण खाली ठेवलं गेलं.

"माझं काय म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका नको. माझं काय एवढं?"

"तुझं काय ते राहू दे बाजूला. माझं काय?"

शब्द तेच, पण उपेंद्रला ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखे वाटले. तेवढ्यात प्रतापसिंहांनी शांतपणे भर घातली.

"यांस मरणाचं भय नाही, ताई. पंख मोडण्याचं आहे."

आता हे इतकं खरं होतं की नाही म्हणायचीही सोय नव्हती. जमिनीवर पंख मोडलेला बघण्यापेक्षा त्याच पंखासकट आभाळातून पडणं ह्या गृहस्थाला परवडत होतं. उपेंद्रला भयंकर लाज वाटली. मग हेमलता जे बोलली त्याने त्याची उरलीसुरली हवाही गेली.

"वर्षभर तुला भोकं दाखवतेय मी. एकही नव्हतं त्यातलं. मला काही खरखरीत लागत नव्हतं. तू उडायला नकोस म्हणून दाखवत होते. आणि तू पण मुकाट्याने घासत होतास. अरे, आपण दोघं किती मूर्ख आहोत." तिचे डोळे भरले होते. "आण पोती. मीच ठेवते."

पुढच्या रविवारी टाकीवाल्याने वाळू दिली. डावा पंख सोडवून उलटा केला, घोडीला बोल्टांनी आवळला. प्रतापसिंह एका बाजूला उभे राहून कुठलं पोतं कुठे ते सांगत होते. उपेंद्र आणि हेमलता दोन बाजूंनी पोतं उचलून हलकेच ठेवत होते. पहिल्या रांगेला पंख थोडा वाकला. उपेंद्रच्या कपाळावरचा घाम नाकावरून टपटप गळत होता. दुसऱ्या रांगेला आत कुठेतरी चरचरलं. "ते असतंच," प्रतापसिंह म्हणाले. उपेंद्रने एक पोतं उचललं आणि ते बाळासारखं छातीशी धरून नुसताच उभा राहिला.

"ठेव," हेमलता म्हणाली.

त्याने ठेवलं. आवाज तरी जोरात व्हायचा होता. मोठा पापड मोडावा तेवढाच झाला. पंख घोडीपासून हातभर अंतरावर मोडला आणि पोती घसरत खाली आली. एक फुटून वाळू त्याच्या पायांवर पसरली.

मग प्रतापसिंहांनी वाकून मोडलेल्या जागेत बोट घातलं. आतल्या थरांचं कापड पांढरं, कोरडं होतं, धागे हातात सुटून येत होते. हलका पंख करण्याच्या नादात रेझिन निपटून काढलं होतं, ते आतपर्यंत मुरलंच नव्हतं.

"एवढा भार साध्या वळणात येतो," ते म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले. जाणता माणूस, थांबला नाही.

उपेंद्रला रडू येईल असं सगळ्यांना वाटलं असतं. त्यालाही वाटलं होतं. पण तो वाळूत बसला आणि आपले गुडघे चाचपू लागला. हात, पाय, मान, सगळं जागच्या जागी होतं. आपण जिवंत आहोत हे त्याला इतकं जवळून कधी कळलं नव्हतं. रडत होती ती हेमलता. ज्या विमानाने तिची पातेली, शर्ट आणि सगळे रविवार खाल्ले, जे कधी उडूच नये म्हणून तिने खोटी भोकं दाखवली, त्याच्या मोडक्या पंखाशी बसून ती हुंदके देत होती. उपेंद्र तिच्या शेजारी सरकला. बराच वेळ तो तिची पाठ थोपटत राहिला.

"नवा पंख करायला किती दिवस लागतील?" तिने नाक पुसत विचारलं.

ती भांडणाची सुरुवात असावी असं समजून उपेंद्र जपून म्हणाला, "वर्ष तरी जाईल. पण हेमा, मी आता नाही..."

"करायचा. रेझिन मी ओतणार. तू हात राखून ओततोस." तिने पदर खोचला. "आणि दुसरी सीट माझी. साहेबांचं उड्डाण झालं की तुझ्याबरोबर पहिली मी बसणार."

"तू?"

"मी. तू एकटाच बसणार असलास तर तू काहीही बांधशील. तुझा काही भरवसा नाही."

उपेंद्रने शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसलेली हेमलता मनात बघितली, आणि पाच वर्षांत कधी वाटली नव्हती अशी भीती त्याच्या अंगभर पसरली. तो उठला. पायांवरची वाळूसुद्धा झटकायला थांबला नाही. पलीकडे उजवा पंख धडधाकट, गुळगुळीत, चकाकत विमानाला लागलेला होता. पाना घेऊन तो त्याचे बोल्ट सोडवायला लागला.

"आता हे काय?" हेमलताने विचारलं.

"त्या बाजूने पंख धर," तो म्हणाला. "हाही मोडून बघू."