जिन्यावरचा किस्सा

फिरकीमास्तरांनी दारू सोडली, त्याला वर्ष होत आलं. ज्यांच्याबरोबर प्यायचे त्यांनीसुद्धा पाठ थोपटली. मुलगी मात्र पाघळली नाही. "दारू सोडलीत, बरं झालं," ती म्हणाली. "आता तो जिन्याचा किस्सा सोडा, मग माझ्या घरी या. तोवर नको."

आता आली का पंचाईत! दारूवर पैसे जायचे, किस्स्यावर यायचे. मास्तर रंगमंचावर सांगत तो किस्सा असा: मास्तर झिंगून घरी येतात, बायको आतून कडी लावते आणि मास्तर कुडकुडत जिन्यावर बसून शेजाऱ्याच्या मांजराला संसाराची कर्मकहाणी ऐकवतात. बायको होती तेव्हा लोक तिला रस्त्यात गाठून विचारत, "काय वहिनी, आज कडी का?" ती कसंनुसं हसायची आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. ती गेली, तरी किस्सा चालूच राहिला. मेलेल्या माणसाची बाजू कोण मांडणार?

त्या संध्याकाळी नाट्यगृह खच्चून भरलं होतं. मुलगी शेवटच्या रांगेत, दाराशी बसली होती, म्हणजे उठून जायला बरं. मास्तरांनी नवे विनोद काढले. टाळ्या पडल्या, पण उपकाराच्या. मग कुणीतरी ओरडलं, "मास्तर, जिना होऊन जाऊ दे!" आणि सगळ्यांनीच ते उचलून धरलं.

मुलीने पर्स खांद्याला अडकवलेली मास्तरांना दिसली. त्यांनी विंगेकडे पाहिलं. पूर्वी अशा वेळेची सोय विंगेत असायची. आता तिथे नुसतं पाणी होतं.

"सांगतो जिना," ते म्हणाले. मुलगी उठली.

"रात्रीची वेळ. दाराला आतून कडी." हशा. लोकांना हसायच्या जागा पाठ होत्या. "बाहेर कडाक्याची थंडी." पुन्हा हशा. "आणि आत मी."

दोघंचौघं सवयीने हसले आणि थांबले.

"कडी मी लावली होती. तिने माझी बाटली ओतून दिली, म्हणून तिला बाहेर काढलं. पोरीलाही. बायको किती वेळ दार वाजवत होती. मला ऐकू येत होतं. मी कानावर उशी घेतली. मांजर नव्हतंच. सकाळी दार उघडलं, तर ती आत आली आणि तिने माझ्यासाठी चहा टाकला. हे मी उलटं करून तुम्हाला हसवत आलो."

"मांजर तरी ठेवा, मास्तर!" मागून एकजण म्हणाला. कुणी हसलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं बंद करणाऱ्या मास्तरांनी नुसते हात जोडले. पडदा पडला. आयोजक पुढच्या कार्यक्रमाचं बोलणार होता, तो नजर चुकवून निघून गेला.

मास्तर रंगपटात खाली मान घालून बसले होते. मुलगी आली आणि उभीच राहिली.

"मला वाटलं, गेलीस."

"आज जिना सांगितला नाहीत, तर तुम्हाला घरी न्यायचं ठरवून आले होते," ती म्हणाली. "उशीचं मला माहीत नव्हतं. आई म्हणायची, बाबांना झोप लागली, नाहीतर उघडलं असतं."

मास्तरांनी मान वर केली.

"मी फार रडत होते. मग आई तुमचे विनोद सांगायला लागली. तो न्हाव्याचा, तो बहिऱ्या पाहुण्याचा, अगदी तुमच्यासारखे हातवारे करून. मी इतकी हसले, बाबा, की तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, हळू, बाबांची झोप मोडेल."

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलू लागले. मुलगीही रडत होती, पण जवळ आली नाही.

"याल तुम्ही घरी," ती शेवटी म्हणाली. "पण आज नको. आज मला नाही जमणार."

ती दारापर्यंत गेली, परत फिरली, खुंटीवरचा कोट काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवला. "घाला," म्हणाली. "बाहेर गार आहे."