मौलाचाचांची रेघ

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली अख्ख्या साताऱ्यात कॉम्प्युटर चालवता येणारी बाई एकच होती, आणि ती मी. निदान माझी तशी समजूत होती आणि कुणी विचारो न विचारो, मी ती सांगत असे. गावाबाहेरच्या एका कारखान्यानं ते यंत्र आणलं होतं. थंडगार खोली, दाराबाहेर चपला, भिंतीवर माझ्या हातच्या लाल पाट्या: धावू नये, खाऊ नये, मोठ्यानं बोलू नये. मी पुण्याला आठ महिने शिकून आले होते. वय चोवीस आणि नाक बरंच वर.

त्या वर्षी सांगलीजवळच्या माधवनगरच्या एका कापडगिरणीनं आमच्या यंत्रावरचे काही तास भाड्यानं घेतले आणि काम शिकायला माणूस पाठवला. मला वाटलं, कुणी बी.कॉम. झालेला पोरगा येईल. आले मौलाचाचा. पंचावन्न वर्षांचे, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, हातात जेवणाचा डबा. मागावर चादरीची नक्षी उमटते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळे. कुठला धागा उचलायचा ते भोकं सांगतात. असे पुठ्ठे पाडायचे, क्रमानं दोऱ्यात ओवायचे आणि त्या माळा मांडणीवर टांगून ठेवायच्या, हे काम मौलाचाचा तीस वर्षं करत होते. आता गिरणीनं ते काम बाहेर द्यायचं ठरवलं होतं.

"भोकांचं ह्ये नवं काम म्हैन्यात जमलं तर मौला ऱ्हाईल, न्हाईतर दिवाळीला घरी," असं गिरणीचे मॅनेजर हंबीरराव मला फोनवर म्हणाले. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले होते. जमलं की नाही, हे मी शेवटी लेखी द्यायचं होतं. म्हणजे मौलाचाचांची भाकरी माझ्या हातात होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा तोरा चढला होता.

पहिल्याच दिवशी मी शिकवायला बसले. "यंत्राच्या आत एक कारभारी असतो. स्वतः कुठलंच काम करत नाही. कुणाची पाळी कधी, कुठली वस्तू कुठं ठेवायची, एवढंच बघतो. त्याला सगळं सांगायचं ते भोकं पाडलेल्या जाड कागदी पत्त्यांच्या गठ्ठ्यातून. वरचे दोन पत्ते त्या कारभाऱ्यासाठी. आपण कोण आणि काम काय, ते त्यावर. मग आपली माहिती. शेवटी एक पत्ता, संपलं म्हणून सांगणारा. वरचा पत्ता चुकला तर कारभारी खालचं काही न बघता सगळा गठ्ठा परत करतो."

"म्हंजी आमचं हंबीरराव सायेबच की," मौलाचाचा म्हणाले.

मी हसले नाही. हसू नये अशी पाटी नव्हती, तरीही.

मग फाइल. नाव दिलेला गठ्ठा म्हणजे फाइल, आणि यंत्र ती नावावरूनच शोधतं. नाव इंग्रजीत, जास्तीत जास्त आठ अक्षरांचं. तेच नाव दुसऱ्या फाइलला दिलं तर पहिली पुसली जाते. हे ऐकून मौलाचाचा गंभीर झाले. दोन दिवस बोटांवर काहीतरी मोजत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, अख्तरबी चालंल का? बराबर आठ भरत्यात."

"अख्तरबी कोण?"

"आमची मंडळी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ह्ये नाव काय मी दुसऱ्या कुणाला देनार न्हाई. पुसायची भीती न्हाई."

त्या फाइलीत गिरणीच्या एकशेसाठ नक्ष्या भरायच्या होत्या. एका नक्षीचे चार पत्ते. पहिल्यावर नाव, बाकीच्या तिन्हींवर सुताचे रंग आणि मांडणीतली जागा. नाव एकाच पत्त्यावर असल्यामुळे क्रम बिघडला की मोराचे रंग कमळाला जाणार. पत्त्यांना भोकं पाडणाऱ्या यंत्राच्या कळा मौलाचाचा एका बोटानं दाबत. पत्ता तपासायला मात्र वरची छापील अक्षरं बघत नसत. खिडकीच्या उजेडात पत्ता धरून सरळ भोकंच वाचत. मी दोनदा टोकलं, मग नाद सोडला.

पहिल्या आठवड्यात त्यांनी ऐंशी पत्ते पाडले आणि मुक्कामाच्या खोलीवर घेऊन गेले. सकाळी आणले ते माळ करून. दाभणानं चारी कोपरे टोचून, मेणाच्या दोऱ्यानं, एकसारख्या गाठी मारून ओवलेले. अशी सुबक माळ मी आजवर पाहिली नव्हती. पण यंत्राला प्रत्येक भोक म्हणजे अक्षर, आणि पत्ता सुटाच लागतो. ऐंशीच्या ऐंशी पत्ते वाया गेले होते. मी त्यांना सगळ्या कचेरीसमोर झाडलं.

"सुटं ऱ्हायलं तर पांगत्याल की, बाई," ते हळूच म्हणाले.

"इथं काही पांगत नाही," मी म्हटलं. "इथं शिस्त असते. दाभणानं एकही भोक पाडायचं नाही, एकही दोरा आणायचा नाही. समजलं?"

"व्हय," म्हणाले, आणि माळ गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी ते पाहिलं होतं, पण विचारलं नाही.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून नक्ष्यांचे सहाशेचाळीस पत्ते पाडले; कारभाऱ्याचे तीन मी यंत्रापाशी वेगळे ठेवले होते. पत्त्यांना अनुक्रमांक घालायची पद्धत होती. 'नंतर घालू' म्हणून ते मीच पुढं ढकललं. छापायची फीत वाळल्यामुळे वरची अक्षरं उमटत नव्हती. तीही नंतर बदलू म्हटलं. माझा अहवाल तेवढा वेळेवर तयार होता. 'वय झालेलं. जुनी सवय सुटत नाही. पत्ते दोऱ्यानं ओवतो. या कामास अयोग्य.' माझ्या मते मी फार न्यायानं लिहिलं होतं. आज आठवलं की कानशिलं तापतात.

ठरल्या दिवशी हंबीरराव सांगलीहून आले. त्यांच्यासाठी मी खळ केलेली नवी साडी नेसले होते. बाहेरच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून ते चहाला बसले. मी त्यांच्या हातात अहवालाचं पाकीट दिलं, पत्त्यांचा ट्रे उचलला आणि ऐटीत यंत्राच्या खोलीकडे निघाले. मागून मौलाचाचा. दार आपोआप मिटणारं होतं. ते माझ्या साडीच्या काठावर मिटलं.

मी पडले नाही. ट्रे पडला. सहाशेचाळीस पत्ते उंबऱ्याच्या आत, बाहेर, टेबलाखाली, हंबीररावांच्या बुटांपर्यंत घसरत गेले. पत्ते जमिनीवर टेकेपर्यंत मी नुसती बघत राहिले.

हंबीरराव गर्रकन वळले. तोवर मी आणि मौलाचाचा दोघंही खाली वाकलेलो होतो. "कुणी पाडलं रं?"

मौलाचाचा म्हणाले, "पडलं, सायेब. सुटं हुतं."

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी गुडघ्यांवर बसून पत्ते गोळा करत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. क्रमांक नाहीत, अक्षरं नाहीत. माझ्या आळसापायी या माणसाची नोकरी जाणार होती. "चाचा, सगळं गेलं," मी म्हटलं.

"न्हाई जायाचं. कड बगा, बाई."

प्रत्येक पत्त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. कुठं डावीकडे, कुठं मध्ये, कुठं उजवीकडे. गठ्ठा बांधला तेव्हा मौलाचाचांनी कडेवरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढून ठेवली होती.

"दोरा न्हाई म्हनलासा, भोक न्हाई म्हनलासा," ते म्हणाले. "रेघंला न्हाई म्हनला न्हवता."

ठिपका जिथं असेल त्या जागी पत्ता लावत गेलो, तशी रेघ पुन्हा जुळत गेली. ठिपके अगदी शेजारशेजारचे असले की मौलाचाचा पत्ते उजेडाकडे धरत आणि भोकं वाचून कुठला आधी, कुठला नंतर ते सांगत. मी मुकाट्यानं ऐकत होते. अडीच तास लागले. हंबीररावांचे तोवर तीन चहा झाले आणि शिस्तीवर दोन भाषणं.

मोजले तर सहाशे एकोणचाळीस! खोली पुन्हा झाडून झाली, कपाट सरकवून झालं. शेवटी मौलाचाचांनी हंबीररावांची कपबशी अदबीनं उचलली. टेबलावर डाग पडू नये म्हणून साहेबांनी बशीखाली बुटापाशी सापडलेला पत्ता घातला होता.

"आसं व्हय," हंबीरराव म्हणाले आणि खाकरले.

पत्ता भिजून फुगला होता. मौलाचाचांनी तो खिडकीशी धरला. "तांबडा, हिरवा, पिवळा. तिसरी मांडनी," म्हणाले आणि एका बोटानं नवा पाडून आणला.

गठ्ठा यंत्रात गेला. कारभाऱ्यानं काही कुरकुर केली नाही. छपाईयंत्र खडखडलं आणि पहिल्या ओळीत नाव उमटलं.

"ही अख्तरबी कोन?" हंबीररावांनी विचारलं. मौलाचाचा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

मग हंबीररावांनी खिशातून पाकीट काढलं. ते फोडलेलं होतं. "बाई, तुमी तर ह्याला अयोग्य म्हनून लिवलंय."

मौलाचाचांनी ते ऐकलं. त्यांची मान खाली गेली, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"ट्रे माझ्या हातून पडला, साहेब," मी म्हटलं. "क्रमांक घालायचे मी टाळले. या माणसानं मला वाचवलं. तो कागद इकडे द्या." कागद फाडून मी दुसरा लिहिला. त्यात एकच ओळ होती: 'हे काम यांनी मला शिकवावं इतकं यांना येतं.' हंबीररावांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवला.

छपाई थांबली. कागद लांबलचक, पानाला पान जोडलेला, घडीवर घडी पडलेला. सवयीनं मी पानं सुटी करायला हात घातला.

"आवं बाई, नगा तोडू," मौलाचाचा म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदाच ते मोकळं हसत होते. "तुमच्या येंत्रानंच ववून दिलंय की."

मी हात मागे घेतला. हंबीररावांनी ती सगळी माळ तशीच काखोटीला मारली. "चल रं मौला, सांगलीची यष्टी गाठू. सोमवारपास्नं हितंच यायचं हाय तुला."

मौलाचाचांनी डबा उचलला, दार उघडलं आणि माझ्यासाठी धरून ठेवलं.

"काठ सांबाळा, बाई," म्हणाले.