कंपनीचा हजार

“काका, खोक्यावर हजार जीबी लिहिलंय. लावून बघितलं तर नऊशे एकतीसच दिसतात. बाकीचे काय उंदरांनी खाल्ले?” गिऱ्हाइकाने डिस्क काउंटरवर आपटली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात केस पांढरे झाले, पण हा प्रश्न आला की त्यांना अजून स्फुरण चढायचं. “फसवलं नाही हो कुणी. कंपनी हजाराला हजार म्हणते. कॉम्प्युटर मात्र एक हजार चोवीस पदरात पडल्याशिवाय हजार मानत नाही. आत सासू बसलीय हिशेबाला!”

एवढं बोलून ते सवयीने थांबले. इथे शेजारच्या खुर्चीतून काकू म्हणायच्या, “तुमच्या आईच बसल्यात की काय आत?” आणि स्वतःच खो खो हसत सुटायच्या. आता ती खुर्ची रिकामी होती. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये बघत निघून गेलं.

काकूंचं ते हसणं आता एकाच ठिकाणी उरलं होतं, दुकानातल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये. दवाखान्यात जाण्याआधी काकू दुकानात शेवटच्या बसल्या, त्या दिवसाचं, आवाजासकट. पण डिस्क भरली की जुन्यातलं जुनं पुसून त्यावर नवं चढतं. “उतरवून घ्या,” म्हणून मुलगी हात धुऊन मागे लागली होती. काकांना बघायचा धीर होत नव्हता. रविवारपर्यंत जागा पुरेल, असा हिशेब त्यांनी मनाशी करून ठेवला होता.

आणि आत्ता त्यांच्या लक्षात आलं. तो हिशेब त्यांनी खोक्यावरचा आकडा धरून केला होता! जगाला शहाणपण शिकवणारा माणूस घरच्या हिशेबात माती खाऊन बसला होता.

त्यांनी घाईघाईने रेकॉर्डिंग अगदी सुरुवातीपासून लावलं. पहिल्याच चित्रात ते स्वतः होते आणि शेजारी रिकामी खुर्ची.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. “बाबा, उतरवलंत का आईचं?”

“नाही गं. डिस्क आधीच भरली. माझंच चुकलं, कंपनीचा हजार धरून बसलो.” पुढचं सवयीनेच तोंडातून निघालं, “आत सासू बसलीय ना हिशेबाला.”

पलीकडून मुलगी हुबेहूब आईच्या ठसक्यात म्हणाली, “तुमच्या आईच बसल्यात की काय आत?” हसणं मात्र तिला जमलं नाही.

काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि अलगद रिकाम्या खुर्चीत ठेवला.

“परत म्हण,” ते म्हणाले.