इंजिनाची विचारपूस

मानवजातीला अज्ञानातून बाहेर काढणारे पुरुष शतकात एखाद-दुसरेच जन्माला येतात, आणि त्यांतले एक आपण, याविषयी यासुहिको नुमाजिरी यांना तिळमात्र शंका नव्हती. या क्षणी ते स्वतःच्या गाडीच्या सीटखाली डोकं खाली, पाय वर असे अडकले होते आणि त्यांची बायको किनुए त्यांना मोजे धरून बाहेर ओढत होती.

"अहो, ओचियाई येईल आता. निदान उभे तरी राहा त्याच्यासमोर."

ओचियाई जुन्या गाड्या घेऊन त्यांचे सुटे भाग विकायचा. त्याला किनुएनेच बोलावलं होतं. ऐन रेल्वे फाटकात गाडी बंद पडली, तेव्हा ती आतच होती. घरी येऊन तिने एकच वाक्य उच्चारलं, "शनिवारपर्यंत दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर ही गाडी किंवा मी."

गाडी तीस वर्षांची. तिच्या इंजिनाचा कारभार सांभाळणारा, सीटखाली बसवलेला छोटा संगणक जुन्या वळणाचा, अबोल. विचारलं तर सेकंदाला एकदा काय ते सांगणार आणि गप्प बसणार. गेल्या उन्हाळ्यात इंजिनाने एक उचकी दिली. पापणी लवण्याइतकी. ती नेमकी पकडायची म्हणून नुमाजिरींनी त्या संगणकातली चिप उपसली, तिच्यातला प्रोग्राम स्वतः बदलला आणि त्या अबोल प्राण्याला सेकंदाला पन्नास वेळा उत्तर द्यायला शिकवलं. दारात उभी करून गाडीचा आवाज ऐकणं त्यांनी तेव्हापासून सोडलंच. लॅपटॉप जोडल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा नेम झाला.

आठवड्यात उचक्या रोजच्या झाल्या.

"बघ, रोग बळावतोय," नुमाजिरी म्हणाले, आणि पन्नासाचे शंभर केले. प्लग बदलले, पंप बदलला. झोप उडाली. जेवताना एक पाय टेबलाखाली सारखा हलत असायचा, सूप सांडायचं.

आज शनिवार. ओचियाई आला आणि मागे बसला. नुमाजिरींनी लॅपटॉप किनुएच्या मांडीवर ठेवला, त्याची एक वायर गाडीच्या संगणकाला जोडली, विजेची वायर सिगरेट पेटवायच्या भोकात खोचली आणि गाडी काढली. पडद्यावर आकडे मुंग्यांसारखे धावू लागले. पहिल्याच सिग्नलला उचकी. दुसऱ्याला दोन.

"भंगारच म्हणायचं," मागून ओचियाई सहानुभूतीने म्हणाला. "पण दरवाजे छान आहेत हो."

बाहेर डोंगरावरून येणारा कोरडा वारा दातात शिरत होता. किनुएचे गुडघे आखडले. तिने लॅपटॉपची विजेची वायर उपटली आणि त्याच भोकात आपल्या विजेवर तापणाऱ्या शालीची वायर खोचली.

"अगं! त्याची बॅटरी मेलेली आहे!"

"माझेही गुडघे मेलेत."

पडदा काळा झाला. आणि इंजिन लोण्यासारखं फिरू लागलं. तिसरा सिग्नल. चौथा. रेल्वे फाटक. उचकी नाही, हूं नाही, चूं नाही.

नुमाजिरींनी गाडी कडेला घेतली. वायर परत खोचून लॅपटॉप चालू केला, उचकी. काढली, शांत. खोचली. काढली. त्यांचे कान लाल होत गेले.

"म्हणजे," किनुए सावकाश म्हणाली, "तो बिचारा संगणक इंजिन सांभाळत होता, आणि तुम्ही त्याला सेकंदाला शंभर वेळा विचारत होतात, कसं आहे इंजिन?"

"पहिली उचकी खरी होती," नुमाजिरी पुटपुटले.

"असेल. मलाही वर्षातून एकदा लागते. माझी चिप काढली का कुणी?"

ओचियाईने दरवाज्यांकडे शेवटचं प्रेमाने पाहिलं आणि तो फाटकापाशी उतरून गेला. गाडी राहिली. किनुएची अट एकच : वायर पुन्हा जोडायची नाही. "कबूल," नुमाजिरी म्हणाले, आणि ती इतकी खूश झाली की गाडी तशीच डोंगराकडे, गरम पाण्याच्या झऱ्यांकडे घ्यायला तिने सांगितलं.

घाट लागला. इंजिन गुणगुणत होतं. नुमाजिरींची बोटं मात्र स्टिअरिंगवर ताल धरेनात. त्यांनी आरशात पाहिलं, खिडकी उघडली, मिटली, कान पुढे केला, मागे घेतला. दोन वळणं कशीबशी काढली.

"किनुए."

"काय?"

"नुसतं इंजिनाच्या पाण्याचं तापमान विचारू का गं त्याला? एकदाच. तो नाही म्हणाला तर राहिलं."