काकूंच्या फ्रिजचा आवाज

“फ्रिज नेलास ना माझा, की माझं बरं-वाईट तुला कळायचं नाही,” शेजारच्या काकूंनी मला बजावलं होतं.

मी हसण्यावारी नेलं. “फ्रिज म्हणजे काय डॉक्टर आहे का, काकू?”

“डॉक्टर येतोय कुठे घरी? फ्रिज तरी असतो.”

आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत. तिला पाठ लावून काकूंचा फ्रिज उभा असायचा. काका असताना घेतलेला, कोपऱ्यांना गंज चढलेला. त्याचं दार सैल झालं होतं, नुसतं लोटून लागायचं नाही. काकू हातात दुधाचं पातेलं धरून त्याला कमरेने दणका द्यायच्या. धप्प! माझ्याकडच्या मांडणीतले चमचे किणकिणायचे. मधूनच ते धूड गुरगुरायला लागायचं आणि थांबताना असं हादरायचं, की माझी मुलगी रांगता रांगता थबकून भिंतीकडे बघायची.

काकू उठल्या, चहाला दूध काढलं, दुपारची झोप झाली, पाणी प्यायल्या, सगळं मला इकडे कळायचं. त्यामुळे मी त्यांच्याकडे फारशी जायचेच नाही. आहेत ना, ऐकू येतायत की!

नवरा दूरच्या पुलाच्या कामावर. तो सुट्टीवर येतो तेव्हा मुलगी त्याला बघून भोकाड पसरते आणि ओळख पटेपर्यंत त्याची सुट्टी संपते. एरवी घरात मी आणि ती, आणि तिला अजून बोलता येत नाही. मी मात्र दिवसभर बोलते, अनोळखी माणसांशी. फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीचं काम मी घरून करते. ज्यांनी नवा फ्रिज घेतला त्यांना फोन करायचा आणि विनवायचं: जुना भंगारात देऊ नका, आमची गाडी येऊन घेऊन जाईल. भंगारवाला तांब्याच्या नळीसाठी पक्कड लावतो, नळी तुटते, फुस्स होतं, आणि आतला वायू हवेत जातो. फार जुन्या फ्रिजमधला वायू तर उन्हापासून आपल्याला वाचवणारा आभाळातला थरच खातो. फ्रिजच्या भिंतींमधल्या फोममध्येही तो भरलेला असतो. कॉलेजात हे सगळं मी परीक्षेपुरतं शिकले होते. मुलगी झाल्यावर त्याची भीती वाटायला लागली. ही मोठी होईल तेव्हाचं ऊन कसं असेल, असं मनात येतं. तशी मी ती झोपली तरी नाकाशी बोट धरून श्वास बघणाऱ्यांपैकी आहे. आई म्हणते, “तुला काळजी करायला काही नसलं, तर त्याचीच काळजी लागते.”

तर मी काकूंच्या मागे लागले.

“आभाळाला भोक पडलंय म्हणतेस, ते माझ्या फ्रिजने?”

“सगळ्यांच्या मिळून, काकू.”

“मग सगळ्यांना सांग ना. माझ्या एकटीच्याच का मानगुटीवर बसलीयस?”

“सगळ्यांनाच सांगते. दिवसभर तेच करते.”

काकूंनी खाली बघितलं. मुलगी त्यांच्या मांडीवर बसून बांगडी चावत होती. तिच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाल्या, “हिच्यासाठी म्हणतेस होय? मग ने बाई. पण त्याचं काय करतात ते तू स्वतः बघून यायचं. नाहीतर तुम्ही गोड बोलून नेणार आणि तिकडे नेऊन फुस्सच करणार.”

म्हणून काकूंचा फ्रिज गाडीतून गेला त्या दिवशी मुलीला त्यांच्याकडे ठेवून मी पहिल्यांदा कंपनीची जुने फ्रिज मोडायची शेड बघायला गेले. तिथल्या माणसाने नळीला चिमट्यासारखं काहीतरी लावलं, टाकीला जोडलेला पंप सुरू केला. काट्याकडे बोट दाखवून म्हणाला, “बघा मॅडम, उतरतोय.” काटा उतरत गेला, वायू टाकीत बंद झाला. मग तेल काढलं, काळं, काकवीसारखं. कॉम्प्रेसर कापून बाजूला ठेवला. उरलेला सांगाडा एका बंद यंत्रात गेला, तिथे फोमसुद्धा उघड्यावर फुटू देत नाहीत. हे सगळं मी मोबाइलवर घेतलं आणि घरी येऊन काकूंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितलं.

“नीट करतात हो,” म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, “दाराचं काय केलं?”

फ्रिज न्यायलाच हवा होता. हे मी आजही म्हणते.

नवा फ्रिज आला. वीज कमी खाणारा, आतला वायू आभाळाला न दुखवणारा, आणि मुका. आवाज नाही, हीच आमच्या जाहिरातीतली सगळ्यात मोठी अक्षरं असतात. पहिल्या दिवशी काकूंनी मला बोलावून दाखवला. “चालू आहे का बंद, तेच कळत नाही. मी आपली मधूनमधून उघडून आतला दिवा बघते.”

त्यानंतर भिंत नुसती भिंत झाली. मला आधी वाटलं, आपल्याला बरं नाहीये. काहीतरी राहून गेल्यासारखं व्हायचं. गॅस तपासायचे, नळ तपासायचे, मुलीचा श्वास तपासायचे. मग मुलीला ताप आला, दात येत होते, फोन साठले. काकूंकडे डोकवायला हवं, असं रोज मनात यायचं, आणि कान मात्र जुन्या सवयीने भिंतीशीच अडायचे. काही ऐकू आलं नाही म्हणजे काही झालेलं नाही, असं ते परस्पर ठरवून टाकायचे.

त्या दिवशी मुलगी जेमतेम झोपली होती आणि मी एका आजोबांशी बोलत होते. बायको गेलेली, मुलं लांब, खाली सायकलचं दुकान आणि वर हे एकटे. मी काही न विचारताच त्यांनी एवढं सांगितलं होतं. जुना फ्रिज द्यायला तयार होते, पण फोन ठेवायला तयार नव्हते. बारीक टीं-टीं असा आवाज कधीपासून येत होता. समोर बांधकाम चालू आहे, ट्रक मागे घेत असतील, म्हणून मी खिडकीसुद्धा लावून घेतली होती.

आजोबा मध्येच म्हणाले, “बाई, तुमच्या फ्रिजचं दार उघडं राहिलंय बघा.”

“अं?”

“टीं-टीं वाजतंय ना मागे. माझा नवा पण असाच बोंबलतो. तुमच्याच कंपनीचा की! विकता तुम्ही आणि ओळखायचं आम्ही होय?”

मी माझ्या फ्रिजकडे बघितलं. तो जुना आहे, त्याला असलं काही नाही. मग भिंतीकडे बघितलं.

“आजोबा, ठेवते,” म्हटलं. ते काहीतरी बोलत होते तेवढ्यात फोन बंद केला.

मुलीला उचलून खांद्यावर टाकलं आणि काकूंचं दार बडवलं. आतून कडी. हाका मारल्या. मुलगी दचकून रडायला लागली, तेव्हा आतून क्षीण आवाज आला, “रडवू नकोस गं तिला.”

जिन्यात मीटर दुरुस्त करणारा वायरमन होता. त्याला ओरडून बोलावलं. त्याने खांदा लावला, मग पहार आणली, तेव्हा कडी निखळली.

काकू स्वयंपाकघरात आडव्या पडल्या होत्या. दूध फरशीवर वाळलेलं. फ्रिज सताड उघडा, त्याचा पांढरा उजेड त्यांच्या तोंडावर, आणि ते टीं-टीं.

“आधी दार लाव,” त्या म्हणाल्या. “वीज जळतेय केव्हाची.”

जुन्या सवयीने त्यांनी नव्या दारालाही कमरेने दणका दिला होता. ते दार बोटाने लागणारं. अंगाचा भार पेलायला समोर काही उरलंच नाही, दार आपटून परत उघडलं आणि काकू खाली. सकाळपासून तशाच. “तुला हाक मारत होते. मग म्हटलं, पोर झोपलं असेल.”

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग लेक येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना ती नवा फ्रिज रिकामा करून, बंद करून, दारात टॉवेलची घडी अडकवून गेली. “वास नको लागायला,” म्हणाली. गाडीत बसताना काकू माझ्या मुलीला म्हणाल्या, “आईला सांग, माझ्यावर लक्ष ठेवायला आता लेक आहे म्हणावं. तू तुझ्या आईवर ठेव.” त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

आता भिंतीपलीकडे कुणीच नाही. मुलगी झोपली की घरात माझाच आवाज असतो, फोनवरचा: नमस्कार, तुमचा जुना फ्रिज...

त्या आजोबांना मी दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. त्यांच्यामुळे काकू वाचल्या, एवढंच सांगायचं होतं. नुसता वाजला. संध्याकाळी केला, नंतरही करत राहिले. ऑफिसला विचारलं तर म्हणाले, “मॅडम, गाडी जाऊन आली, जुना फ्रिज मिळाला, काम संपलं की त्यांचं.” पत्ता मागितला. आम्हा फोनवाल्यांना पत्ते देत नाहीत, नियम आहे, आणि नियम बरोबरही आहे. फ्रिज दिला कुणी? त्यांनीच, की शेजारच्याने? गाडीवाल्याला आठवत नाही. तो म्हणतो, रोज किती घरं होतात.

कदाचित ते मुलाकडे गेले असतील. कदाचित बाईने मध्येच फोन ठेवला म्हणून रागावले असतील. चालेल मला, रागावू देत.

पण तुमच्या गल्लीत खाली सायकलचं दुकान आणि वर एकटे आजोबा असं घर असेल, बोलायला लागले की थांबत नाहीत असे, तर जरा वर जाऊन या. दार वाजवा. उघडायला वेळ लागला तर परत वाजवा.