चष्म्याच्या डबीतली लाडकी पुंगळी

मित्रांनो, मी रायफलच्या काडतुसाची एक जुनी पितळी पुंगळी. गोळी सुसाट निघून जाते आणि भाव खाते. मागे रिकामी उरते ती मी. पण मला कुणी टाकून देत नाही. साफसूफ करून नवी दारू, नवी गोळी भरली की मी पुन्हा कामाला हजर!

ओमानमधल्या रुस्ताकजवळच्या एका नेमबाजी क्लबात बंदुकांची देखभाल करणारा वसईचा एडवर्ड हे भरायचं काम करतो. आमच्या मानांना तो फार जपतो, कारण गोळी मानेतच घट्ट बसते. तो मान आतून ब्रशने घासतो, तोंडाची कड गुळगुळीत करतो आणि अधूनमधून सगळ्यांच्या माना आचेवर शेकतो. पितळ वापरून कडक होतं आणि कडक मान तडकते, म्हणून हा शेक.

एडवर्डची बायको क्लेअर मस्कतच्या हॉटेलात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी नेम धरते. एकदा माझ्यातली गोळी बरोबर मधोमध लागली आणि मी तिची लकी पुंगळी झाले. ती मला इतरांत मिसळू देईना. माझा मुक्काम तिच्या चष्म्याच्या डबीत आणि प्रत्येक स्पर्धेची शेवटची गोळी माझ्यातून. मी हरभऱ्याच्या झाडावरच चढले! सगळ्या जणी शेकायला जायच्या तेव्हा मी डबीत मखमलीवर लोळत असे.

अंतिम फेरीच्या सकाळी माझ्या मानेत काहीतरी चिरलं. माझा जीव घाबरा झाला. भेग खाली उतरली तर बार होताना गरम वायू मागे फुटू शकतो, आणि मागे क्लेअरचा गाल टेकलेला, डोळा लागूनच! मला तोंड आहे, पण वाचा नाही.

"यल्ला, चल क्लेअर, व्हॅन उभी आहे!" एडवर्ड ओरडला. "तुझी ती लकीवाली दे, पटकन भरतो."

"थांब रे, कापूस तरी फिरवू दे."

कड नीट आहे ना, हे बघायला तिने माझ्या मानेवरून कापूस फिरवला. एक तंतू अडकला. तिने तो ओढला, पुन्हा अडकला.

"एडी, हे बघ."

एडवर्डने मला उजेडात धरलं. त्याचा चेहरा उतरला. "क्रॅक आहे. हिला कधी शेकलीच नाही का?"

"मीच बाजूला ठेवायचे. हरवेल म्हणून."

"खलास. ही आता भरायची नाही."

क्लेअरचे डोळे भरले. तरीही पक्कड तिनेच उचलली आणि कुणी चुकूनही मला पुन्हा भरू नये म्हणून माझी मान चेपून टाकली. खरं सांगते, मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

शेवटची गोळी तिने दुसऱ्याच एका पुंगळीतून मारली आणि स्पर्धेत ती तिसरी आली. घरी परतताना एडवर्ड सारखा तिच्याकडे बघत होता.

"काय बघतोस? हरले मी."

"दोन्ही डोळ्यांनी रागावते आहेस ना माझ्यावर? मग झालं तर."

मित्रांनो, जे लाडकं असेल त्याचे खुशाल लाड करा. पण चार जणांना जी काळजी मिळते, ती त्यालाही मिळू द्या.